आमच्या समक्ष

कॅसेट परत द्यायला गेलं की फौजी एवढंच विचारायचे, "बघितलं न्हवं?"

आवडला का, कसा वाटला, असलं काही नाही. विचारता विचारता अंगठ्यानं कॅसेटची काच पुसायचे आणि टेप कुठवर सरकली आहे ते पाहायचे. इतर लायब्रऱ्यांत टेप मागे फिरवून आणली नाही तर बोलणी बसत. फौजींचा नियम उलटा. "फिरवून आणू नका. कुठं सोडलाय त्ये मला कळू दे." अर्धा पिक्चर पाहून कुणी 'हो' म्हणालं, तर कॅसेट त्याच्याच हातात परत. "जावा, ऱ्हायलेला बघून या. माणूस मधीच सोडतात व्हय?"

नव्वदनंतरची ती चार-पाच वर्षं. साताऱ्यात घरोघर केबल येत होती आणि व्हिडिओ लायब्रऱ्या एकेक करून शटर ओढत होत्या. फौजींची लायब्ररी म्हणजे आमच्या शाळेमागच्या गल्लीतली एक खोली. भिंतीला फळ्या, टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर, बसायला पांढऱ्या रंगात नंबर घातलेली त्यांची पलटणीतली ट्रंक. दुपारचं ऊन थेट टीव्हीच्या काचेवर यायचं, म्हणून दाराला एक लष्करी कांबळं टांगलेलं. हे कांबळं लक्षात ठेवा. पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

साताऱ्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली. कुणाला गिरणी असते, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. आमच्या फौजींनी नोकरीत बराच काळ प्रोजेक्टर चालवला होता. थंड मुलखातल्या कुठल्याशा छावणीत साहेबलोकांच्या मुलांसाठी शनिवारी इंग्रजी पिक्चर लागत. शाळेतल्या मुलांचे. त्यातही एका जातीचे पिक्चर फौजींच्या मनात बसले होते: कुणी जाडा, कुणी तोतरा, कुणाला खेळता येत नाही, कुणाशी कुणी बोलत नाही, आणि पिक्चर सगळा त्याच पोराचा. असल्या कॅसेटी त्यांनी कुठून कुठून जमवल्या होत्या. हाणामारीच्या पिक्चरवर दुकान चालायचं, पण फौजी स्वतः बघायचे ते हेच.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांचं काही अडत नसे. टीव्हीचा आवाज बारीक करून ते स्वतःच बोलायचे.

"आता त्यो मास्तर इचारतोय, का रं, डबा हितं जिन्याखाली का खातोस? पोरगं म्हणतंय, हितं गार लागतंय. खोटं बोलतंय. वर त्याला कुणी बसूच देत न्हाई."

मी इंग्रजीचा शिक्षक. पडद्यावरचा मास्तर त्या मुलाला, सायकल आत आणू नकोस, असं सांगत होता. मी तसं म्हणालो.

"शब्द तसं असतील, सर," फौजी म्हणाले. "त्वांड बघा की त्याचं."

मी पाहिलं. फौजींचंच बरोबर होतं.

त्या पिक्चरचा शेवट सांगतो. शाळेचा समारंभ आहे. हॉल भरलेला. तो मुलगा शेवटच्या रांगेत, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. पुढच्या रांगेतून एक मुलगी उठते. तिच्या एका बुटाचा तळ जाड आहे. ठक ठक करत ती सगळा हॉल ओलांडते आणि त्याच्या शेजारी बसते. एकमेकांकडे बघतही नाहीत. संपलं. तिथं फौजी बटण दाबून चित्र थांबवायचे. काचेवर पांढऱ्या रेघा थरथरायच्या. "हितं मला कुणी बोलायचं न्हाई."

मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा रडलो. मीही शाळेत पाण्याच्या टाकीमागं बसून डबा खाणारा मुलगा होतो, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुम्हालाही असला एखादा पिक्चर माहीत असेल. गोष्ट साधीच असते. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याच्याकडे दोन तास कुणीतरी बघत राहतं. फौजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रंकेवर शेजारी बसून राहिले आणि मग स्वतःचं सांगितलं.

"माजं पोरगं नववीत होतं. सुट्टीवर आलो की पहाटं किल्ल्याच्या वाटंला न्यायचो, हातात घड्याळ. भरतीत काढायचं माज्या डोक्यात. त्याला धाप लागायची, मी आकडा सांगायचो. दोन महिनं मी त्याचं टायमिंग बघितलं, सर. त्याला बघितलं न्हाई." कांबळ्याची कड त्यांनी उगाच सारखी केली. "युनिटला पोचलो आन मागनं तार आली. हिरीत घावला म्हून."

यानंतर 'बघितलं न्हवं?' हे मला पूर्वीसारखं ऐकता आलं नाही.

माझ्या वर्गात आठवीला एक मुलगा होता. आवाज नाजूक, चालताना हात हलायचे. पोरं त्याला बायल्या म्हणत. एकदा तासाला कुणीतरी त्याची नक्कल केली आणि सगळा वर्ग हसला. मीही हसलो. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. मधल्या सुट्टीत तो गल्लीत भिंतीला टेकून डबा खायचा. फौजींनी त्याला एके दिवशी कांबळं वर करून आत घेतलं. "ये गड्या. बस. भाकरी खात खात बघ."

तो रोज यायला लागला. फौजींच्या बोलण्यावर तो खदखदून हसायचा. वर्गात मी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग तोही बोलायला लागला. पिक्चरमधल्या पोरीबाळी, आया, मास्तरणी, सगळ्या त्याच्याकडं. "मी बसू का रे इथं?" असं तो जाड बुटाच्या मुलीचं म्हणायचा, जे मूळ पिक्चरमध्ये ती म्हणतच नाही. फौजी खूश. "आता डिपारमेंट पुरं झालं आपलं!" मी ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचो. पाच-सहा वेळा तरी बसलो असेन.

गल्लीतून जाणाऱ्यांना बाहेर काय कळणार? भरदुपारी कांबळं ओढलेलं आणि आतून बाईचा आवाज. महिन्याभरात बोलवा झाली की फौजी शाळेची पोरं आत घेऊन घाण पिक्चर लावतो. मुलाच्या वडिलांच्या कानावर गेलं. वजनदार माणूस होता. त्यानं तक्रार दिली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो.

"तुम्ही तिथं जाता असं ऐकलं. खरं नाही ना?"

"नाही, सर."

"झालं तर मग. पोलिसांना पंच हवाय. तुम्हीच जा. म्हणजे लोकांची तोंडंही बंद होतील."

आमच्याकडे शिक्षकाला पंच म्हणून नेणं नवं नाही. कागद लिहून तयार असतो, आपण खाली सही करायची. पंच म्हणजे साक्षीला उभा केलेला माणूस. मी गेलो.

फौजी एकटेच होते. टीव्हीवर तोच शेवट थांबवलेला, पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"सर आलं की! आवं सर, सांगा यास्नी. ह्योच लावतो आपण. तुमी बघितलाय न्हवं?"

हवालदारानं माझ्याकडे वळून पाहिलं. "येता काय ओ सर तुम्ही हितं?"

"नाही," मी म्हणालो. "आजच आलो."

कॅसेटची काच पुसून टेपकडे बघायचे, तसं फौजींनी माझ्याकडे पाहिलं. मग टीव्ही बंद केला.

कागदावर लिहिलं होतं की दोन अश्लील कॅसेटी आम्ही समक्ष पाहिल्या. मी त्या पाहिल्या नव्हत्या. जे पाहिलं होतं ते नाही म्हणालो आणि न पाहिलेल्यावर सही केली. खालचं अक्षर अगदी स्वच्छ आहे. इंग्रजीच्या मास्तरची सही.

मुलाचं नाव शाळेतून काढलं. त्याला विट्याकडच्या मामाबरोबर दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात भट्टीवर पाठवलं, असं कळलं. दाखला न्यायला मामाच आला होता. "धूर लागला की आवाज आपसूक फुटतोय," मामा म्हणाला. ऑफिसात सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही; पण बोललोही नाही.

खटला अडीच वर्षांनी उभा राहिला. कोर्टात मला विचारलं, सही तुमची? मी म्हणालो, हो. कॅसेटी समक्ष पाहिल्या? तिथं क्षणभर सगळं माझ्या हातात होतं. मी म्हणालो, हो. फौजी दंडावर सुटले. जप्त केलेल्या सगळ्या कॅसेटी नष्ट करा, असा हुकूम झाला. तो पिक्चरही त्यातच होता.

मी कायम झालो, पुढे मुख्याध्यापकही झालो. सुट्टीत एखादं पोर एकटं डबा खाताना दिसलं की जाऊन शेजारी बसतो. पोर घाईनं डब्याचं झाकण लावून पळतं. मी मुख्याध्यापक आहे ना!

फौजी खटल्यानंतर वर्षभरात गेले. मातीला मी गेलो नाही. खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. दाराला कांबळं नाही. ऊन थेट आत येतं.

पण मला दिसतो तो कोर्टाचा व्हरांडा. निकाल झाला होता, लोक भिंतीकडेनं उभे राहून त्यांच्याकडे बघत कुजबुजत होते. लांब बाकावर फौजी एकटेच बसले होते, इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ. मी बाहेर आलो. त्यांनी मला पाहिलं. थोडे सरकले आणि शेजारी जागा केली.

मला गावाकडची दोनची एसटी गाठायची होती.

दोनची एसटी त्या दिवशी आलीच नाही. स्टँडवर मी तासभर उभा होतो.