पळसदेव कोण म्हणालं

नवरा गेला, तो हे न ऐकताच गेला. लेकाला ठाऊक नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या नात्यातले नाही — आणि मी आता दमले आहे. लपवणं हेसुद्धा काम असतं हो. रोजचं, बिनसुट्टीचं.

आधी त्या बाईची ओळख करून देते. शेळगावच्या घरातली थोरली सून, वय पंचवीस, पदर कानांवरून घट्ट ओढलेला. गाव म्हणायचं, काय मर्यादा! मर्यादा कसली — भांडं आपटलं की डोक्यात खिळा शिरायचा, म्हणून कान झाकलेले. कुणाकडं बघून किती हसायचं, हे तिनं चुलत बहिणीकडं बघून बघून पाठ केलं होतं. फार हुशार! फक्त एकदा मयताला हसून आली, तेवढं सोडा.

ती मीच.

या हुशार बाईची एक खोड होती. दिवसभर माणसांत राहून जीव गुदमरला की गोठ्यामागं जायचं, पुढं-मागं डुलायचं आणि एसटीचे थांबे म्हणायचे. बारामती, भिगवण, पळसदेव, इंदापूर. मग उलटे. मग पुन्हा सुलटे. दहा-बारा फेऱ्या झाल्या की छाती मोकळी. का? मला काय माहीत! कुणी माळ ओढतं, मी एसटी ओढायची.

मग धाकटी जाऊ आली. शकू, पळसदेवची. गिरणीचा पट्टा सुरू झाला की कान दाबून पळायची. हळदीकुंकवाला बायकांच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायची. मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं — ही माझ्यातलीच. फरक एवढाच की तिला पाठांतर जमलं नव्हतं. आणि मला काय वाटलं, सांगू? माया नाही वाटली. भीती वाटली. हिच्याशेजारी उभी राहिले तर मीही दिसेन.

येते, मुद्द्यावर येते. सवय नाही ना.

एका दुपारी सासूबाई गोठ्याच्या कुडापलीकडं आल्या. त्यांना बाईचा आवाज ऐकू आला — एकसुरी, घोगरा. मंतर म्हटल्यासारखा. त्यात एकच शब्द कळला. पळसदेव. परत पळसदेव. पावलं वाजली तशी मी दुसऱ्या बाजूनं सटकले. सासूबाई ओसरीवर येऊन मटकन बसल्या. धरणाच्या पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं, तिथलं कायतरी पोरीच्या मागं आलंय, म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"थोरले, तू परड्यात हुतीस. शकूच हुती का गं ती?"

"व्हय आत्ती, शकूच. मी रोज ऐकते की."

रोज! नुसत्या 'व्हय'वर भागलं असतं. पण आमच्या हुशार बाईंना काम अर्धवट टाकायची सवय नव्हती.

तीन अमावस्या देवऋषी झाला. मिरच्यांची धुरी, लिंबाच्या फोकांचा मार. शकूचे हात कुणी धरले? मी. सासूबाईंनी सांगितलं म्हणून — छे, तेही खोटं. मीच पुढं झाले. लांब राहिले असते तर कुणाला शंका आली असती ना? ती ओरडत नव्हती. डुलायला बघत होती. मी डुलू दिलं नाही.

पुढच्या महिन्यात भाऊ येऊन तिला घेऊन गेला. दिराचं दुसरं लग्न झालं, त्यात मी मिरवले. शकू भावाच्या दारात बसून भोयांची मासे धरायची जाळी विणत राहिली. चाळीस वर्षं.

मग माझी नात अनू, सोळाची. बारामतीच्या डॉक्टरीणबाई तिला प्रश्न विचारत होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला मान मीच हलवत होते. "आज्जे, तपासणी माझी हाय," अनू म्हणाली. मग माझीही झाली. दोघींनाही ऑटिझम. अडुसष्टाव्या वर्षी बारसं झालं माझं.

बारामतीत आमच्यासारख्यांची बैठक भरते, महिन्यातून एकदा. पंखा बंद, ट्यूब बंद. टाळ्या नाहीत, नुसते हात हलवायचे. तिथं मी धीर करून माझे थांबे म्हटले. कोपऱ्यातला एक बँकेतला माणूस भिंतीकडं बघत म्हणाला, "आजी, डाळज राहिलं." अरे देवा! एवढी वर्षं माझी गाडी डाळजला थांबलीच नव्हती. मी हसले, हसता हसता रडले, आणि कुणी गप्प केलं नाही. कुणाला दाखवायला चेहरा करावा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा शकू आठवली — असं सांगणार होते. विसरले कधी होते? पळसदेवला गेले, तिला घेऊन आले. आता आम्ही तिघी जातो. तिला आवडतं तिथं.

गेल्या बैठकीत प्रत्येकानं सांगायचं होतं — आपल्याला पहिल्यांदा कुणी समजून घेतलं. शकू जमिनीकडं बघत म्हणाली, "माझ्या अक्कानं. धुरीत समदी मला मारत हुती. अक्का तेवढी हात धरून बसली हुती."

सगळ्यांनी माझ्यासाठी हात हलवले. अनूनं सगळ्यात जास्त.

मी गप्प बसले असं समजू नका. तेवढंही जमलं नाही.

"मग! माझी धाकटी भनच हाय ती," मी म्हणाले. या वयात. सगळं कळल्यावर.