बासीचा वाडगा

नागपूरच्या दवाखान्यातून मुलीला भिलाईला घरी आणलं, तेव्हा बोन मॅरो बदलल्यामुळे तिच्या अंगात भावाच्या पेशींनी तयार केलेलं रक्त होतं. तेच रक्त तिच्या आतड्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलं होतं. औषधं चालू असूनही मधूनच जुलाब व्हायचे. डॉक्टर म्हणाले होते, पोटातले चांगले जंतू मेले की हा त्रास वाढतो.

ते ऐकल्यापासून मला बासी आठवत होती. आमच्याकडे रात्री भात पाण्यात भिजवून सकाळी आंबटसर खातात, पोटाला चांगला म्हणून. मी रात्री भिजवला, पण सकाळी द्यावा की नको म्हणून वाडगा घेऊन तिच्या दाराशी नुसती घुटमळत राहिले.

"आई, कावून फिरून राहिली? दे ना!"

दवाखान्याशी नेहमी नवराच बोलायचा, आणि तो ड्युटीवर होता. शेवटी मीच फोन लावला.

"बिलकुल देऊ नका," नर्सबाई म्हणाल्या. "त्यात वाईट जंतूही असतात. औषधांमुळे तिचं नवं रक्त अजून त्यांच्याशी लढू शकत नाही. ताजा, गरम भात द्या."

"मग चांगले जंतू कधी येतील?"

"हळूहळू. नक्की सांगता येत नाही."

मी बासी टाकून दिली.

"तुले फोन लावता येते, हे आजच समजलं," मुलगी रुसून म्हणाली आणि संडासात गेली.

मी कुकर लावला आणि संडासाच्या दाराकडे कान देऊन उभी राहिले.