खालचा आकडा

औशात भेटलेल्या त्या माणसाचे नाव मी विचारले नाही. इंजिनांवर बनावट नंबर ठोकणे हा त्याचा धंदा. मी जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत परीक्षक. नंबर बनावट आढळला की गाडी बाद करीत असे. नांदेडच्या प्रदर्शनात यंदा वडिलांची गाडी मांडायची होती. इंजिन मूळचेच आहे, असे ते अखेरपर्यंत सांगत. कोणी शंका घेऊ नये म्हणून मी ती आधी त्याला दाखवली; बनावट नंबर त्याच्याइतका कोणी ओळखत नसे.

त्याने डोळे मिटून नंबरावरून बोट फिरवले. तेजाबाने त्याच्या बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या. सातावर बोट थांबले.

"ह्यो सात माझा हाय, साहेब. माझ्या ठशाला खाच हाय."

"शक्य नाही."

"मंग बघा."

त्याने तेजाबाचा बोळा फिरवला. आकड्यांच्या मधून दुसराच नंबर हळूहळू वर आला.

"खरडलं तरी घाव खाली ऱ्हातोच," तो म्हणाला. "तुमचे वडील हितंच बसले होते. ते आकडे सांगत गेले, मी ठोकत गेलो. इंजिनाला मात्र त्यांनी हात लावला न्हाई."

"कोणत्या गाडीचे इंजिन?"

"इचारू नको म्हणले." मग हलकेच विचारले, "खालचा पुसून देऊ?"

मी नको म्हणालो. खालचा नंबर उतरवून घेतला आणि गाडी स्वतःच बाद केली. तो नंबर कोणाच्या गाडीचा, हे परीक्षक म्हणून मी ठेवलेल्या जुन्या नोंदींत सापडेल. त्या नोंदी माझ्याच कपाटात आहेत. कपाट मी अद्याप उघडलेले नाही.