पडद्यामागच्या स्पीकरमधून

मी ऊर्जानगरला राहते, तिथल्या वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. तरी लिहितेय, कारण दोन वर्षं झाली आणि हे डोक्यातून जात नाही.

माझा मोठा भाऊ नागभीडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. रिळं यायची बंद झाली, सिनेमा हार्डडिस्कवर यायला लागला आणि थोड्याच वर्षांत टॉकीजही बंद पडली. मग खर्‍याने, तंबाखू-सुपारी चघळून चघळून, भाऊला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलायचा.

गाठ पुन्हा आली. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन जोखमीचं आहे, तुम्ही ठरवा. मी भाऊला विचारलं. त्याने लिहिलं — 'जाऊ.' मी नागपूरला ऑपरेशनची तारीख घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टॉकीजची जुनी प्रोजेक्टर मशीन भंगारात जाणार होती. भाऊला ती एकदा बघायची होती, म्हणून घेऊन गेले. तो वर केबिनमध्ये. मी आणि भंगारवाले शेखभाई खाली खुर्च्यांवर.

"बाई, तुमचा भाऊ मशीनले नवरीवानी पुसून राह्यला."

"पुसू द्या. तुम्ही तर तिले तोडूनच नेणार."

जुन्या फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. मशीनमधल्या लहान दिव्याचा उजेड तिच्यातून जातो आणि त्या उजेडाचाच पुढे आवाज होतो. शोच्या आधी भाऊ त्या उजेडात बोट हलवून बघायचा. पडद्यामागच्या स्पीकरमधून थप-थप आलं की साउंड ठीक. त्या दिवशीही त्याने स्विच टाकला, थप-थप आलं. मशीनवर फिल्म नव्हती. आणि मग...

"बाई, मले नागपूरले नको नेऊ."

भाऊचा आवाज. आजाराच्या आधीचा, मला हाक मारताना 'बाई' जरा लांबवणारा.

शेखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणलं होतं, भाऊले बोलता येत नाई?"

मी वर गेले. भाऊचं बोट अजून उजेडातच होतं. केबिनमधला छोटा स्पीकर कधीचाच जळलेला, वर पंख्याची घरघर. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. मी ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं.

"तुले जायचं नाई का, भाऊ? खरं सांग."

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं — 'तू म्हणशील तसं.'

"मग जायचं," मी म्हटलं.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही. चौथ्या दिवशी गेला.

एका साउंडवाल्याला विचारलं. म्हणाला, जुने अ‍ॅम्प्लिफायर कधीकधी रेडिओ पकडतात. रेडिओवर माझा भाऊ कुठून येणार, असं विचारलं तर तो वायर गुंडाळायला लागला. मशीन तर वितळूनही गेली असेल. मला भास झाला असता तर बरं झालं असतं, पण शेखभाईंनीही तेच शब्द ऐकलेत, मी दोनदा विचारून घेतलं. ते भाऊच्या मनातलं होतं की नव्हतं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. एवढंच कळतं की मला ऐकू आलं होतं, आणि नेलं मीच.