लालबागच्या कंपनीची तिसरी तबकडी

तमाम लालबाग, परळ, दादर आणि गिरगावकरांस कळविण्यात येते की, हाऊस म्युझिक नावाच्या जगप्रसिद्ध नृत्यसंगीताच्या इतिहासातली एक थोर रेकॉर्ड कंपनी लालबागमधल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सार्वजनिक नळाला लागून असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत स्थापन झाली आणि तिथेच बंद पडली. कंपनी थोर होती, ही गोष्ट तिच्या दोन्ही मालकांना गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हती. त्यांतला एक मालक मी. उभं राहायची गरज नाही, बसूनच वाचा.

ज्यांना हाऊस म्युझिक म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात: धप्, धप्, धप्, धप्. चारही ठोके सारखे, कुणालाच जास्त मान नाही. मधल्या फटींतून बारीक झांज सळसळते, आणि वरून कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. माझ्या मित्राच्या वडिलांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन मिनिटं मान डोलावली आणि म्हणाले, "ह्यां तर भजनच. फक्त बुवा खंय दिसना नाय."

हे वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि आमच्या कंपनीचे एकमेव श्रोते झाले.

मित्र मला भेटला दादरला, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कोर्सला. मी गिरगावचा, कारकुनांच्या घराण्यातला. बारावीत मी घरच्यांना जो धक्का दिला, त्यानंतर वडिलांनी मला हाताला काही तरी येऊ दे म्हणून तिथे घातलं. हाताला काही आलं नाही. मित्राला मात्र सगळंच येत होतं. बिघडलेला रेडिओ तो आधी कानाला लावायचा आणि मग उघडायचा. त्याचा मामा मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. बोट परत आली की मामाच्या पेटीतून साबण, चॉकलेटं आणि परदेशातल्या बंदरांवर मिळालेल्या तबकड्या निघत. एकदा त्या पेटीतून एक ड्रम मशीन निघालं, मामाला कुणीतरी दिलेलं, एक बटण तुटलेलं. मित्राने ते दोन दिवस मांडीवर घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी आमची कंपनी निघाली.

संगीत त्याचं. बाकीचं सगळं माझं. म्हणजे लेबलं चिकटवणं, मालाला टेम्पो ठरवणं, लोकांशी बोलणं आणि "आम्ही" असं म्हणणं. तबकडीवर पत्ता माझ्या गिरगावच्या घराचा छापला, कारण आमच्याकडे पोस्टमन वरपर्यंत यायचा.

काम चालायचं दुपारी दीड ते चार. तेवढ्या वेळात चाळ झोपायची. वडील खाटेवर, आई जमिनीवर पदर डोक्याखाली घेऊन, आणि आम्ही दोघं खिडकीखाली. हेडफोन एकच. त्याची दांडी आम्ही फाकवून ठेवली होती, एक वाटी त्याच्या कानाला, एक माझ्या. गालाला गाल लागायचा. खोलीत तळलेल्या बोंबलांचा वास, बाहेर गॅलरीत कुणाच्या तरी सुकत टाकलेल्या साडीची फडफड, आणि कानात धप्, धप्, धप्. तो काही बोलायचा नाही. एखादी जागा जमली की कोपराने मला ढोसायचा. माझ्या बरगडीला त्या जागा अजून पाठ आहेत. पुढे आयुष्यात मी चांगले हेडफोन घेतले, दोन्ही कानांचे. मजा नाही हो त्यात.

चारला नळ यायचा. आई गॅलरीतून हाक द्यायची, "पाणी इलांऽऽ!" की काम बंद, कळशा उचला. एकदा माइक चालू राहिला आणि ती हाक टेपवर उतरली. मी म्हटलं, पूस ती. तो म्हणाला, "पुसतो कशाला? इतकी सुरातली बाई कुठे मिळणार आपल्याला?" आमच्या तिसऱ्या तबकडीवर तीच हाक आहे. सहा मिनिटं एक बाई पाणी आल्याचं सांगते आहे.

आम्ही तीनच तबकड्या काढल्या. पहिल्या दोन कुणी ऐकल्या नाहीत. तिसरी आम्ही पुरती ऐकली नाही. आता ते का, ते सांगतो, आणि इथून पुढे माझी मान जरा खाली आहे.

खंडेनवमीचा दिवस होता. तबकड्या छापणाऱ्या कारखान्याचा माणूस पाच वाजता टेप न्यायला येणार होता. मित्राला आईने फुलं आणायला पिटाळलं होतं. मी खोलीत एकटा, समोर मित्राने दुरुस्त केलेलं आमचं मोठं टेप मशीन, आणि माझ्या डोक्यात आलं, आज यंत्रांची पूजा असते. आमच्या घरी या दिवसांत पाटीवर सरस्वती काढत आणि वडिलांच्या टाइपरायटरला फूल वाहत. मला वाटलं, आपणही कंपनीचे मालक, आपणही काहीतरी करावं. देवाजवळची हळदकुंकवाची कोयरी घेतली. मशीनवर एक छोटासा चकचकीत ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. टेप त्याला घासून जाते आणि आवाज तिथेच उमटतो. मला वाटलं, हाच याचा प्राण, पूजा इथेच व्हायला हवी. चांगली चिमूटभर हळद आणि त्यावर चिमूटभर कुंकू मी त्या प्राणावर वाहिलं. हात जोडले. डोळेही मिटले.

डोळे उघडले तर खाटेवर मित्राचे वडील उठून बसलेले. गिरणीत चाळीस माणसांबरोबर दर वर्षी साच्यांची पूजा केलेला माणूस. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी साच्यात हात घातलाय.

"कुंकू यंत्राच्या कपाळाक लावतत रे," ते हळूच म्हणाले. "तोंडात नाय घालूचा."

मी घाबरून खिशातला रुमाल काढला आणि खसाखसा पुसलं. वरचं गेलं. बारीक होतं ते फटीत बसलं.

तेवढ्यात मित्र झेंडू घेऊन आला, घाईत मशीनपुढे बसला आणि सगळ्या आवाजांचं शेवटचं मिश्रण टेपवर उतरवलं. त्याच्या कानात येत होतं ते मशीनमध्ये जाणारं गाणं. टेपवर काय उमटतंय, ते ऐकायला वेळच नव्हता. पाचला माणूस आला, टेप गेली. वडील मला जिन्यात म्हणाले, "मी सांगूचंय नाय. तूच सांग त्याका."

तबकड्या छापून आल्या. मित्राने पहिली लावली. झांज नाही. सळसळ नाही. चारही ठोके, आईची हाक, सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं. शेजारच्या हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न चाललंय आणि आपल्याला बोलावणं नाही, तसं. त्याने अर्धी बाजू ऐकली, सुई उचलली आणि म्हणाला, "टेप द्यायच्या आदल्या दिवशी हेडचा स्क्रू मी फिरवला होता. ऐकून ऐकून बसवला होता. माझ्या कानांनी." त्याने तबकडी पाकिटात परत घातली. मग, "माझे कानच खोटे आहेत रे."

आता बोल, मी स्वतःला म्हणालो. आणि बोललो नाही. पहिल्यांदा म्हटलं, त्याला सावरू दे. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग तुळशीचं लग्न. तोवर त्याने ड्रम मशीन पेटीत घातलं होतं, तबकड्यांची खोकी मामाच्या बोटीवर चढवून दिली होती, कुणालाही वाटून टाक म्हणून, आणि लोअर परळला एका ऑफिसात नोकरीही धरली होती. त्याचे वडील गेले, पुढे आई गेली. दोन्ही वेळा मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि दोन्ही वेळा हे वाक्य माझ्या तोंडात होतं. लग्नं झाली, पोरं झाली. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात त्याला सोळाव्या मजल्यावर घर मिळालं. आम्ही भेटायचो, हसायचो, गणपतीत एकमेकांकडे जेवायचो. संगीताचं नाव नाही. त्याच्या घरात साधा रेडिओही नव्हता.

गेल्या महिन्यात माझ्या गिरगावच्या घरी एक परदेशी पत्र आलं. पोस्टमन अजून वरपर्यंत येतो. लिहिणारा गृहस्थ एका बंदराच्या शहरात स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवतो. त्याचं म्हणणं, तरुणपणी तिथल्या एका दुकानात त्याला आमची तिसरी तबकडी सापडली, आणि त्याच्या पिढीच्या निम्म्या लोकांनी तो बंद दारामागचा आवाज काढायच्या धडपडीतच आपापलं संगीत शोधलं. ती तबकडी पुन्हा काढायची होती, दोन्ही मालकांची परवानगी हवी होती. आणि दोन प्रश्न होते. एक, तो आवाज नेमक्या कुठल्या यंत्राने काढला? दोन, त्यात म्हटलेला मंत्र कुठल्या ग्रंथातला?

दुसऱ्या प्रश्नावर मी एकटाच इतका हसलो की बायको बाहेर येऊन बघून गेली. मग पहिला प्रश्न पुन्हा वाचला आणि हसू गेलं. ज्या आवाजामुळे माझ्या मित्राचा आपल्या कानांवरचा विश्वास उडाला, तो आवाज लोक तिकडे वर्षानुवर्षं शोधत होते. आणि हे सांगायचं, तर ते दुसरंही सांगावं लागणार होतं. मी त्या गृहस्थाकडून गाणं फोनवर मागवलं आणि रविवारी सकाळी लालबागला गेलो. बसमध्ये वाक्याची तालीम केली. गिरगावात जमलेलं वाक्य भायखळ्याला बिघडलं.

दार त्यानेच उघडलं. "काय रे गिरगावकर, इतक्या सकाळी? कोण गेलं?"

"कुणी नाही. बस तू आधी."

"माझ्या घरात मला बस म्हणतो. ये." आत ओरडून, "अगं, भावोजी आलेत!"

"बसा भावोजी," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "घावणे टाकतेय, खाऊनच जा."

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते एकदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. घडी घालून मला परत दिलं. "चुकीचं होतं ते," तो म्हणाला. "चुकीचं छापायचं कशाला पुन्हा? माझ्या स्क्रूची चूक."

"स्क्रू नव्हता रे."

"नव्हता म्हणजे?"

"कुंकू होतं."

तालमीतलं वाक्य याहून पुष्कळ मोठं आणि सुंदर होतं. आलं ते एवढंच. मग बाकीचंही आलं, तुकड्या तुकड्यांनी. तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा मला दार दाखवेल. तो पुढे वाकला आणि अगदी कामाचं विचारल्यासारखं म्हणाला, "कुठे लावलंस?"

"हेडवर."

"हेडवर! आणि मग?"

"पुसलं."

"कशाने?"

"रुमालाने."

"कोरड्या?" आता मात्र तो उभा राहिला. "कोरड्या रुमालाने घासलंस? अरे, कपाटात स्पिरिटची बाटली होती! कापूस होता! माणूस आहेस की कोण आहेस?"

"तुझ्या बाबांनी बघितलं होतं," मी म्हटलं.

तो पुन्हा बसला. खिडकीबाहेर बघत राहिला. तिथून आता दुसरे टॉवरच दिसतात. "बाबांना माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून ते मला सारखे म्हणायचे, तुझे कान चांगले आहेत. मला वाटायचं, समजूत काढतायत."

मी पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. शेवटी तो म्हणाला, "आणलंयस?"

"काय?"

"गाणं, गाढवा."

मी फोन टेबलावर ठेवला आणि लावलं.

आधी नुसते ठोके. खोल, दाराआडचे. त्याचा जबडा आवळला. झांज यायची जागा आली, आणि आली नाही. त्याने डोळे मिटले. मग त्या दाराच्या दुसऱ्या बाजूने, कुठल्या तरी लांबच्या गॅलरीतून, आई पाणी आल्याचं सांगू लागली. ज्या गॅलरीतून ती सांगत होती ती गॅलरी आता नाही, नळ नाही, ती नाही. आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज स्पष्ट असता, अगदी कानापाशी असता, तर तो आजचा वाटला असता. तो लांबून येत होता म्हणूनच तो तिचा होता. मित्राचं बोट गुडघ्यावर ठोके धरू लागलं. एक जागा आली, आणि त्याचं कोपर नकळत बाजूला सरकलं. मी लांबच्या खुर्चीवर होतो. कोपर हवेतच राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. हातात उलथनं, त्यावरून पीठ ओघळतंय, मागे तव्यावर घावणा करपतोय. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी आधी फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"हे तुम्ही केलंत?" त्या म्हणाल्या. "आणि पोरीच्या हळदीला बँजो पार्टी कुठली सांगायची विचारलं, तर मला म्हणालात, मला त्यातलं काही कळत नाही!"