तारखेवर विश्वास नसलेल्या वकीलअक्का

धारवाडच्या कोर्टात तारखेवर काडीचाही विश्वास नसलेली एकच व्यक्ती होती : आमच्या वकीलअक्का. न्यायाधीशांनाही त्या खुशाल सांगत, "साहेब, तारीख कशाला देताय? निकाल द्या की!" मी त्यांचा ज्युनिअर; मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मोजणं माझ्या वाट्याला येई.

वकिली शिकण्याआधी अक्का प्राणिशास्त्र शिकल्या होत्या आणि ते खूळ काही गेलं नव्हतं. कोर्टाच्या आवारात शेपूट हलवत परीट पक्षी दिसला, की त्या पक्षकाराला तसंच उभं ठेवून मला हाक मारत. "बघ तम्मा, थंडी आली. दिवस लहान झाला की पाखराच्या अंगातच स्थलांतराची चुळबुळ सुरू होते. त्याला समन्स लागत नाही." पक्षकार बिचारा घड्याळाकडे बघत राही.

एका वर्षी मल्लप्पा नावाचा मेंढपाळ ऑफिसात आला. "बर्री, या, बसा," अक्का म्हणाल्या, पण तो उभ्यानंच बोलला. कोरडवाहू मुलखातून तो दर वर्षी मेंढरं घेऊन अळणावरकडे भाताच्या मुलखात उतरे. त्या साली पाऊस दडी मारून बसला, चारा लवकर संपला, म्हणून तो लवकर निघाला. पण आदल्या वर्षी कुणाच्यातरी कळपानं उभं भात खाल्लं होतं आणि तिथल्या एका गावानं ठराव केला होता : संक्रांतीपर्यंत मेंढरांना बंदी. कळप वेशीबाहेर अडला होता. दोन मेंढ्या रस्त्याकडेलाच व्याल्या होत्या, बाकीच्या गाभण होत्या आणि तोंडात घालायला काडी नव्हती.

मी कलमं शोधायला लागलो. अक्कांनी पुस्तक मिटलं. "तम्मा, कायदा काय आहे ते नंतर बघ. का केला ते आधी विचार."

आम्ही त्या गावी गेलो. देवळाच्या कट्ट्यावर गाव जमलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "कुणाच्या शेतात पीक उभं आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पाऊस कमी म्हणून कापणीही लवकर उरकली होती.

"आणि खतासाठी मेंढरं शेतात बसवून घ्यायची कुणाला नको आहेत?"

दोघातिघांनी उलट आपापल्या शेताकडे बोट दाखवलं. पंचायतीचे अध्यक्ष मात्र हट्टाला पेटले. "अक्का, नियम म्हणजे नियम!"

"हौद्री, खरंय, नियमच. पण तो पिकाच्या राखणीसाठी केला होता ना? पीक घरात आलं. आता राखण कशाची करताय, अध्यक्ष?"

गाव हसलं, अध्यक्षही हसले. ठराव तिथंच बदलला : शेवटचा भारा खळ्यावर आला, की मेंढरांना वाट मोकळी. त्यानंतर दर वर्षी कळप आला की अक्का त्या गावात हजर असत. हक्कानं भाकरी खात आणि कोकरं मांडीवर घेऊन काळा कोट पांढरा करून परतत.

गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. असं माणूस पुन्हा भेटायचं नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. कळप आल्याचं कळलं तेव्हा मी एकटाच गेलो. अक्का उतरतील म्हणून मल्लप्पा माझ्यामागे गाडीकडे बघत राहिला. मी सांगितलं, तसा तो बांधावर मटकन बसला आणि त्यानं घोंगडी तोंडावर ओढली. अध्यक्ष शेजारी येऊन बसले.

मेंढरं कुणासाठी थांबली नाहीत. आम्हा तिघांना वळसा घालून ती शेतात शिरली. त्यांना कुणी अडवलं नाही.