कांद्याची काळोखी

पीक गर्द हिरवं झालं की देवळालीकडे म्हणतात, काळोखी आली. मी वाशीमकडचा, आठवीतच शाळा सोडलेला. हा शब्द मला इथे आल्यावर कळला. कुणी तो उच्चारला की इथली माझी जागा आणखी एका हंगामापुरती पक्की झाली असं वाटायचं.

ज्यांचा कांदा मी वाट्याने करतो त्या दादांनी मला शेतातली खोली दिली, वहिनींनी जुनी शेगडी. उपकार कसे फेडायचे ते न कळणारा माणूस पिकाला फार धोक्याचा. मी ठरलेला युरिया टाकून झाल्यावर गुपचूप आणखी एक गोणी टाकली. माती तपासणीच्या कागदावर 'नत्र बेताने', म्हणजे युरिया जपून, असं लिहिलं होतं म्हणे. पण तो दादांनी आदराने देव्हाऱ्यात ठेवला होता. वाचणार कोण?

काळोखी आली. येणारेजाणारे बांधावर थांबू लागले. शेजारच्या तात्यांचा कांदा पोपटी, बेताचा. दादा त्यांना विचारायचे, "काय तात्या, कांद्याला उपास धरलाय व्हय?"

मग चार दिवस आभाळ आलं, सकाळी धुकं. युरियाने लुसलुशीत झालेल्या आमच्या पातीवर जांभळट डाग पडले, पात मोडून पडू लागली. करपा. तात्यांकडेही तो आला, पण जरा चाखून गेला. आमच्याकडे पंगतीलाच बसला.

दादा म्हणाले, "पीक अशक्त झालंय. उद्या अजून एक गोणी टाकू."

बोललो तर खोली जाणार, गप्प बसलो तर उरलेला कांदा.

"नको जी, दादा. एक गोणी मी आधीच जास्तीची टाकली. तुम्हाला न सांगता."

दादांनी मोडलेली एक पात उचलली. "कवा?"

"तुम्ही लग्नाला गेले होते तेव्हा."

"आन् मी, तू गावाला गेल्तास तवा," ते हळूच म्हणाले. "म्हनलं, लांबून आलेल्या मानसाचं वरीस वाया जाया नको." मग घराकडे नजर टाकून, "हिला सांगू नको. न्हाईतर तुझ्या खोलीत मलाबी ऱ्हावं लागंल."

कांदा त्या साली सुपारीएवढाच राहिला. पुढच्या हंगामाचं रोप टाकायला दादांनी मलाच बोलावलं. युरियाच्या गोण्या मात्र वहिनींनी आपल्या पलंगाखाली ठेवल्या. का, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.